इवली मोटारसायकल

जत्रेतील लाकडी घोड्यावर बसलेल्या मुलाला क्षणभर आपण खरोखरीचे घोडेस्वार झालो असे वाटते. परंतु तो घोडा खांबाभोवतीच फिरत राहतो. स्वाराची आज्ञा त्याला कळत नाही. त्याऐवजी मुलाच्या उंचीचे, पण खऱ्या इंजिनावर धावणारे व त्याचे ऐकणारे वाहन त्याच्या हाती दिले तर? जपानमध्ये 1961 साली असाच एक प्रयोग झाला.

टोकिओ महानगराच्या पश्चिम भागात तामा टेक नावाचे एक क्रीडोद्यान होते. तेथे येणाऱ्या मुलांसाठी होंडा कंपनीने एक इवलीशी मोटारसायकल तयार केली. तिचे इंजिन 49 घन सेंटिमीटरांचे आणि चाके अवघी 5 इंची होती. मोठा माणूस तीवर बसला, म्हणजे त्याचे गुडघे वर येत व तो माकडासारखा दिसे. म्हणून तिला 'मंकी' हे नाव पडले. 1967 साली ती जपानच्या बाजारात आली. तामा टेक उद्यान 2009 साली बंद झाले, लहान इंजिनाच्या मंकीचे उत्पादनही 2017 साली थांबले आणि पुढील वर्षी त्याच नावाची 125 घन सेंटिमीटर वर्गातील मोटारसायकल निघाली. तथापि जुन्या मंकीला हौशी मंडळींनी अद्याप जिवंत ठेवले आहे.

या हौशीचे रहस्य त्या यंत्राच्या साधेपणात आहे. थोड्या पान्यांनिशी ते घरच्या अंगणात उघडता येते आणि प्रत्येक भागाचे कार्य डोळ्यांनी पाहता येते. यंत्राची ओळख झाली, की ते अधिक वेगवान करावे अशी इच्छा होणे साहजिकच आहे. मूळ इंजिनाच्या नळकांड्याचा व्यास 39 मिलिमीटर, आणि त्यात दट्ट्या 41.4 मिलिमीटर वरखाली सरकतो. पुष्कळ हौशी तरुण हे नळकांडे काढून त्याजागी 52 मिलिमीटर व्यासाचे बसवितात. व्यास वाढला तो केवळ एकतृतीयांशाने. परंतु वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून 49 घन सेंटिमीटरांचे इंजिन एकदम 88 घन सेंटिमीटरांचे होते! हा हिशेब तुम्ही वहीत करून पाहा. वर्गात शिकलेले सूत्र येथे इंजिनाच्या आवाजातून ऐकू येते.

दुसरा बदल दातेरी चाकांचा. समजा, साखळीच्या इंजिनाकडील चाकाला 12 दाते आहेत व मागच्या चाकाला 36. म्हणजे पुढचे चाक तीनदा फिरेल तेव्हा मागचे एकदा फिरेल. पुढे 15 दात्यांचे चाक बसविले, तर तेच काम 2.4 फेऱ्यांत होईल. सरळ व लांब मार्गावर वेग वाढेल. परंतु वळणावरून बाहेर पडताना गाडी जड वाटेल, कारण मागच्या चाकाला मिळणारा जोर कमी झालेला असतो. एका हाताने घेतल्याशिवाय यंत्र दुसऱ्या हाताने देत नाही. शर्यतीचा मार्ग पाहून दात्यांची संख्या ठरविणे, हे खऱ्या जाणकाराचे लक्षण होय.

इंजिन मोठे केले, की त्याला इंधन व हवा योग्य प्रमाणात पुरवावी लागते. इंधन कमी पडले, तर इंजिन अतिशय तापते आणि दट्ट्या नळकांड्यातच अडकून बसण्याची भीती असते. या बाबतीत स्पार्क प्लग हा विश्वासू साक्षीदार आहे. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. काजळी धरली असेल तर इंधन जास्त. पांढरेफटक दिसले तर इंधन कमी. चतुर कारागीर एका वेळी एकच बदल करतो, फेरी मारतो, प्लग काढून पाहतो आणि वहीत नोंद करतो. चार बदल एकदम केले, तर गुण कशाचा व दोष कशाचा हे कळणार कसे?

मात्र उतावळा तरुण येथेच एक गोष्ट विसरतो. इंजिन मोठे झाले, पण ब्रेक तेच राहिले! धावत्या गाडीची ऊर्जाही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 40 किलोमीटरांऐवजी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबविण्यासाठी दीडपट नव्हे, तर सव्वादोनपट ऊर्जा शोषावी लागते. ज्या गणिताने शक्ती दिली, तेच गणित ही किंमत मागते. म्हणून जाणते लोक आधी ब्रेक, टायर आणि सांगाडा सुधारतात, मगच नळकांड्याला हात लावतात. इंजिनाची क्षमता वाढविल्यावर जपानमध्ये गाडीची नोंदणीही बदलून घ्यावी लागते.

मंकीहूनही लहान अशा 'पॉकेट बाइक' शर्यतीसाठीच बनविलेल्या असतात. इटलीत त्यांना 'मिनिमोटो' म्हणतात. सुमारे 40 घन सेंटिमीटरांचे इंजिन आणि गुडघ्याएवढी उंची! त्या रस्त्यावर चालवावयाच्या नसून, बंदिस्त मार्गावरच धावतात. स्वार मूल असले, तरी त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगावर जाड चामड्याचा पोशाख असलाच पाहिजे. इटलीचा विश्वविजेता व्हॅलेंतिनो रोसी अशाच गाड्यांवर वळणे घ्यावयास शिकला. जपानचा दाइजिरो कातो अगदी बालवयात पॉकेट बाइकवर बसला आणि 2001 साली 250 घन सेंटिमीटरांच्या वर्गात जगज्जेता झाला. दुर्दैवाने 2003 साली सुझुका येथील शर्यतीत झालेल्या अपघातात त्याचा अंत झाला. एवढ्या कुशल स्वारालाही जेथे धोका टळला नाही, तेथे शिरस्त्राणावाचून रस्त्यावर वेग आजमावणाऱ्याला शूर कसे म्हणावे?

इवली मोटारसायकल हे खेळणे खरे, परंतु ती एक शाळाही आहे. हातांना कौशल्य, डोळ्यांना निरीक्षण आणि मनाला धीर ती शिकविते. तिचा सर्वांत मोठा धडा मात्र असा, की वेग वाढविण्याचा अधिकार त्यालाच आहे, ज्याने आधी थांबण्याची तयारी केली आहे.