पिवळ्या पट्टीवर थांबणारा डांबर

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी आपल्याकडे म्हण आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे मराठी म्हणी मला जरा उशिराच कळल्या. ही मात्र कळूनही पटली नाही. कारण आपला डांबर.

डांबरला होस्टेलमध्ये कोण ओळखत नाही? काळाकुट्ट, गावठी, मेसच्या मागच्या दाराचा कायमचा मेंबर. गेल्या पावसाळ्यात नव्या इमारतीच्या बांधकामावरच्या फळीवरून तो धावत उतरत होता आणि अर्ध्यातूनच त्याने उडी मारली. तीन आठवडे पुढचा पाय उचलून चालला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "खांदा दुखावलाय. पुन्हा असं झालं तर कायमचा लंगडेल." आता फळीवर जाऊ नको, हे कुत्र्याला कसं सांगणार? म्हणून ठरवलं, निदान नीट उतरायला शिकवू.

शोधल्यावर कळलं की हा एका खेळातला मोठा धडाच आहे. ॲजिलिटी नावाची कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात पहिल्यांदा झाली. त्यात ए-फ्रेम (दोन उतारांचं छप्पर), डॉग वॉक (उंचावरची अरुंद फळी) आणि सी-सॉ असे तीन अडथळे असतात. त्यांच्या दोन्ही टोकांना वेगळ्या रंगाचा पट्टा असतो. डॉग वॉक आणि सी-सॉला ९० सेंटीमीटरचा, ए-फ्रेमला १०६ सेंटीमीटरचा. उतरताना कुत्र्याचा निदान एक पाय त्या पट्ट्यावर पडलाच पाहिजे, नाहीतर दोष धरतात. नियम उगाच नाही. ए-फ्रेमचा माथा मोठ्या कुत्र्यांसाठी १.७ मीटर उंच असतो. आपलं फर्स्ट इयरचं सूत्र लावा: तेवढ्या उंचीवरून खाली पडताना वेग ताशी सुमारे २१ किलोमीटर होतो, आणि तो सगळा मार पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर येतो. पट्ट्यापर्यंत चालत आलेला कुत्रा वाचतो.

माझी रूममेट अहेरीची. तिचे मामा पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले. फोनवर त्यांनी एकच वाक्य सांगितलं, "कुत्र्याले चढाले शिकवा नाही लागत, उतराले शिकवा लागते." गडचिरोलीत हे काम खेळ नाही. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक गेले. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याला वास लागला की तो भुंकत नाही, पंजाने उकरत नाही. गपचूप बसतो आणि हुकमाची वाट बघतो. धावण्याच्या जोशात असताना नेमक्या जागी थांबणं, हाच तो धडा. आमच्या पट्टीवर चूक झाली तर खांदा दुखतो, तिथे जीव जातो.

आता कृती. बांधकामावर मागून एक १ फूट रुंदीची फळी आणली. घसरू नये म्हणून फेव्हिकॉल लावून वर वाळू पसरली. शेवटचे ९० सेंटीमीटर उरलेल्या पिवळ्या रंगाने रंगवले. कुत्र्याला लाल-हिरवं नीट ओळखता येत नाही, पिवळा आणि निळा चांगला दिसतो.

पहिला आठवडा फळी जमिनीवरच. टोकाशी डब्याचं झाकण ठेवायचं. मागचे दोन पाय फळीवर, पुढचे दोन जमिनीवर, असा उभा राहिला की लगेच बॉलपेनचं बटण 'टिक' आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा. बरोबर क्षण कोणता, ते 'टिक' सांगतं. अंडं दोन सेकंद उशिरा आलं तरी चालतं. मेसच्या मावशी रोज विचारायच्या, "काय करून राह्यली वं? त्याले सर्कशीत धाडतं का?"

गंमत म्हणजे सुरुवात शेवटापासून करायची. आधी त्याला उचलून पिवळ्या पट्टीवर ठेवायचं आणि एकच पाऊल उतरू द्यायचं. मग थोडं वरून, मग मध्यावरून. त्यामुळे तो नेहमी येत असलेल्या गोष्टीकडे चालत जातो. दहापैकी नऊ वेळा जमलं की एक वीट वाढवायची. चुकला तर ओरडायचं नाही, एक वीट काढायची. शिवाय कुत्र्याला आपले मागचे पाय कुठे आहेत याचं फारसं भान नसतं. त्यासाठी शिडी जमिनीवर आडवी टाकून तिच्या दांड्यांमधून हळू चालवला.

सी-सॉ शेवटी. त्याची परीक्षा अशी: वरच्या टोकाच्या पट्ट्याच्या मध्यभागी १ किलो वजन ठेवलं की ते टोक दोन ते तीन सेकंदांत जमिनीला लागलं पाहिजे. आम्ही मिठाचा पुडा ठेवला. आपटण्याचा आवाज होऊ नये म्हणून खाली जुना टायर.

माझी चूकही सांगते. सुटायचा शब्द मी 'ओके' ठेवला होता. मी दर वाक्यात ओके म्हणते! मी रूममेटशी बोलत असले तरी हा आपला पट्टीवरून पसार. पंधरा दिवस वाया गेले. मग शब्द ठेवला 'सुट'.

सराव रोज दहाच मिनिटं, चांगलं उजाडल्यावर आणि ऊन तापायच्या आत. चंद्रपूरच्या उन्हात फळीने पंजे भाजतात, आणि अंधारात कंपाउंडजवळ कुत्र्याला नेणं म्हणजे बिबट्याला आमंत्रण.

परवा डांबर बांधकामाच्या त्याच फळीवरून उतरला. तिथे पिवळा रंग नाही, झाकण नाही, मीही लांब होते. तो चालत खाली आला, पुढचे पाय जमिनीवर टेकवले आणि थांबला. माझ्याकडे बघत. मजूरही थांबले. मला आधी शब्दच आठवेना.

पुढच्या वर्षी आम्ही पास आउट होऊ. ज्युनिअर्सना एवढंच सांगणं, अंडी तुमची, पेन तुमचं, पण शब्द बदलू नका. तो 'सुट' ऐकेपर्यंत थांबतो.