पहिली छपाई कशी ओळखावी?

जुन्या कल्पनारम्य पुस्तकांच्या संग्राहकांना नुसती पहिली आवृत्ती पुरत नाही. त्या आवृत्तीची पहिली छपाई हवी असते. टोल्कीनच्या ‘द हॉबिट’ची ती छपाई लंडनच्या ॲलन अँड अनविनने सप्टेंबर १९३७ मध्ये काढली, प्रती १५००. आतली चित्रे काळी-पांढरी. ब्रिटिश प्रतीत रंगीत चित्रे दिसली, तर ती पहिल्या छपाईची नव्हे, विक्रेता काहीही सांगो. वेष्टणाच्या मागच्या घडीवर लुईस कॅरलचे मूळ आडनाव, डॉजसन, छापताना एक ‘ई’ जास्तीचा पडला. बहुतेक प्रतींवर तो शाईने हाताने खोडलेला आढळतो. वेष्टण हरवले की ही खूण गेली, आणि किमतीचा मोठा भागही.

‘हॅरी पॉटर’च्या पहिल्या पुस्तकाला (ब्लूम्सबरी, १९९७) वेष्टणच नव्हते. पुठ्ठाबांधणीच्या प्रती अवघ्या ५००, त्यांतल्या बऱ्याच ग्रंथालयांत गेलेल्या. हक्कपृष्ठावर १० ते १ अशी उलटी आकड्यांची ओळ लागते. १ नसेल तर छपाई नंतरची. तिथे लेखिकेचे नाव ‘जोआन रोलिंग’ असे आहे आणि पान ५३ वरच्या शालेय साहित्याच्या यादीत जादूची कांडी दोनदा आली आहे.

बुक क्लबच्या, म्हणजे सभासदांसाठी वेगळ्या छापलेल्या, प्रती मात्र फसव्या. त्यांच्या वेष्टणावर बहुधा किंमत नसते.