फारकतीनंतरचा हिशेब (लेखांक ५) : पोटगी दरमहा घ्यावी की एकरकमी?

मागील लेखांकात स्त्रीधनाचा विचार केला. या खेपेस, घटस्फोटाच्या तडजोडीस बसलेले उभय पक्ष जो प्रश्न सर्वांत शेवटी आणि बहुधा सर्वांत घाईने निकालात काढतात, तो पोटगीच्या स्वरूपाचा प्रश्न हाती घेऊ.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याच्या कलम २५ अन्वये न्यायालय हुकूमनाम्याच्या वेळी, किंवा त्यानंतर केव्हाही अर्ज आल्यास, कायम पोटगी ठोक रकमेने अथवा ठरावीक हप्त्यांनी देववू शकते. हा हक्क केवळ पत्नीचा आहे, अशी समजूत पुष्कळांची असते; परंतु कलमाची भाषा उभयतांना सारखीच लागू आहे, आणि शिक्षिका असलेल्या एका घटस्फोटितेने पूर्वीच्या पतीस दरमहा ३,००० रुपये अंतरिम पोटगी द्यावी, हा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ साली कायम केला, तेव्हा अनेकांच्या भुवया उगाच उंचावल्या.

एकरकमी पोटगीचे आकर्षण उघड आहे. पैसा हाती येतो, पुन्हा तोंड पाहावे लागत नाही, आणि आयकराच्या दृष्टीनेही ती सोयीची ठरते. कारण प्रतापगढच्या राजकुमारी महेश्वरीदेवी यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने दरमहाची पोटगी करपात्र उत्पन्न मानली, ठोक रक्कम मात्र भांडवली स्वरूपाची, म्हणून करमुक्त ठरविली. तथापि महागाई वाढली, आजारपण ओढवले किंवा देणाऱ्याची प्राप्ती दुप्पट झाली, तर परिस्थिती बदलल्याच्या कारणावरून दरमहाच्या रकमेत वाढ मागण्याची मुभा कलम २५(२) देते. ‘यापुढे कोणताही हक्क उरला नाही’ असे लिहून देऊन ठोक रक्कम उचलणाऱ्यास तोच मार्ग फार अवघड होऊन बसतो. पुनर्विवाह झाल्यास दरमहाची पोटगी आपोआप बंद पडते, हेही खरे नाही. दुसऱ्या पक्षाने न्यायालयात जाऊन तसा आदेश मिळवावा लागतो.

दरमहाच्या पोटगीचा खरा रोग म्हणजे थकबाकी. दंडाधिकाऱ्याचा हुकूम असेल (पूर्वीचे कलम १२५, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४), तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीची दरखास्त द्यावी लागते. मुरवतीपायी किंवा आशेपायी ही मुदत दवडणाऱ्या स्त्रिया थोड्याथोडक्या नाहीत. थकविणाऱ्यास दर महिन्याच्या बाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगल्याने देणे फिटत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली दिला आहे. दिवाणी हुकूमनाम्याच्या बजावणीत पगार जप्त होतो, तेव्हाही पोटगीला वेगळा मान आहे: दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० पगाराचा केवळ एक-तृतीयांश भाग जप्तीपासून वाचविते.

तेव्हा माझे मत असे, की देणारा पगारदार असेल, तर दरमहाची पोटगी निःशंक घ्यावी. व्यापारी, कंत्राटदार किंवा बागायतदार असून ज्याची प्राप्ती कागदावर दिसतच नाही, त्याच्याकडून ठोक रक्कम घेणे शहाणपणाचे. हप्त्यांशिवाय गत्यंतर नसेल, तर कलम २५ मधील तरतुदीचा लाभ घेऊन त्याच्या स्थावर मिळकतीवर बोजा ठेवण्याची मागणी अवश्य करावी आणि जमीन असल्यास सात-बाराच्या ‘इतर हक्क’ सदरी त्याची नोंद करून घ्यावी. कारण बोजाची वर्दी नसताना मोबदला देऊन मिळकत घेणाऱ्याविरुद्ध तो सहसा चालत नाही.

परस्परसंमतीच्या घटस्फोटात पहिल्या अर्जानंतर दुसऱ्या प्रस्तावासाठी कायद्याने सहा महिन्यांची मुदत ठेवली आहे. वाचक भगिनींनी ठोक रकमेचा अखेरचा हप्ता त्या दुसऱ्या प्रस्तावाच्या दिवशी, न्यायालयातच, धनाकर्षाने घ्यावा, आणि तो हाती पडल्याखेरीज अंतिम जबाबावर सही करू नये.