एकटीनं सायकलवर, किनाऱ्या-किनाऱ्यानं

गटाच्या बैठकीत सायकलचा विषय शाळेत जाणाऱ्या मुलींपाशी सुरू होतो आणि तिथंच संपतो. मुलीचं लग्न झालं की सायकल पडवीत जाते, नाहीतर भावाकडे. आज मी बोलणार आहे ते मोठ्या बायांच्या सायकलबद्दल. तंबू आणि चार कपडे सायकलला बांधून एखादी बाई एकटी आपल्या किनाऱ्यानं चार-पाच दिवस फिरून येऊ शकते का? येऊ शकते. पण काही गोष्टी आधी कळायला हव्यात.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचं नाव तुमच्यातल्या काहींनी ऐकलं असेल. २०१८ साली, वय जेमतेम वीस, तिनं सायकलवर पृथ्वीला वळसा घातला. सुमारे २९,००० किलोमीटर, १५९ दिवस. सुरुवात ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून केली आणि डिसेंबरात कोलकात्याला पोहोचली. वाटेत आइसलँडसारखं वारा-पावसाचं बेटही होतं. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं. बहुतेक वाट ती एकटीच होती. हे ऐकून कुणी म्हणेल, ती शिकलेली, शहरातली पोरगी. मग तामिळनाडूतलं पुदुकोट्टै बघा. तिथं १९९१च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर बायांना सायकल शिकवली आणि हजारोंनी बाया शिकल्या. शेतमजूर, अंगणवाडी सेविका, खाणीत काम करणाऱ्या, सगळ्या. टोमणे त्यांनाही बसलेच.

आता आपली वाट. पेणहून वडखळ, पोयनाडवरून अलिबाग साधारण ३० किलोमीटर. या रस्त्याला ट्रक फार, म्हणून उजाडताना निघावं. रोह्याच्या बायांचं बरं आहे, त्यांना चणेऱ्यावरून थेट साळावला जाता येतं, हायवे लागतच नाही. अलिबागहून येणारी रेवदंड्याला कुंडलिकेचा पूल ओलांडून साळावलाच येते. पुढं कोर्लई, काशीद, नांदगाव, मुरूड. काशीदच्या आसपास चढ-उतार आहेत. चढावर उतरून सायकल ढकलण्यात लाज कसली? मुरूडपुढं राजपुरीच्या खाडीत जंजिरा दिसतो. आगरदांड्याला फेरीबोटीत सायकलसकट चढायचं आणि दिघीला उतरायचं. तिथून बोर्ली पंचतन, दिवेआगर, शेखाडीवरून श्रीवर्धन. शेखाडीचा रस्ता अगदी समुद्राला चिकटून जातो, तिथं घाई करू नका. परत यायला म्हसळा, तळा, रोहा. सामानासकट दिवसाला ४० किलोमीटर पुष्कळ झाले. दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे धरा.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाणी. आपल्या कोळणींना हे तोंडपाठ असतं, डोंगरपट्टीच्या बायांना नसतं, म्हणून सविस्तर सांगते. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला भरती, त्याआधी सहा तास, सकाळी नऊला, ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. घड्याळात थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज चुकत नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, त्यासाठी हा हिशेब लागतो. मात्र अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फारसं आत जात नाही, तेव्हा चालायच्या भरवशावर राहू नका. कुठल्याही दिवशी निघण्याआधी तिथल्या माणसाला विचाराच.

आणि हे रात्री जास्त महत्त्वाचं. त्याच चतुर्थीला तुम्ही रात्री नऊला वाळूवर तंबू ठोकलात, तर समोर कोरडा किनारा दिसेल. पाणी येणार पहाटे तीनला, तुम्ही झोपेत असताना. म्हणून वाळूवर कचरा, शेवाळ, काटक्यांची जी ओळ दिसते, तिच्या बऱ्याच वर, घट्ट जमिनीवर झोपायचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा आणखी वर. माडाखाली तंबू नको, नारळ पडतो. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात या पट्ट्यातल्या सुरू-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. एखादं झाड अजून अर्धवट कललेलं दिसलं तर त्याच्याखालीही नको.

एकटीनं पुळणीवर उघड्यावर झोपावं असं मी सांगणार नाही. तंबू कुणाच्या तरी अंगणात लावावा. गावात शिरलं की उमेदच्या सीआरपी ताईचं घर विचारायचं. गट जवळजवळ प्रत्येक गावात आहेत, आणि गटातली बाई गटातल्या बाईला चहा दिल्याशिवाय सोडत नाही. पोलीस पाटलांच्या कानावर नाव घालायचं. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घरी एक फोन. अडचण आली तर ११२.

सामानात पंप, पंक्चरचं साहित्य, एक जादा ट्यूब, साखळीचं तेल, बॅटरी, पाळीचं सामान, साखर-मीठ. पंक्चर घरीच दोनदा काढून बघा. खाऱ्या हवेनं साखळी गंजते, रोज गोड्या पाण्यानं पुसून तेल द्या. वजन मागे दोन्ही बाजूंना सारखं हवं, नाहीतर उतारावर सायकल ओढते.

राहिला घरचा प्रश्न. ‘एकटी कशाला?’ हे विचारलं जाणारच. माझ्या मते त्यावर वाद घालण्यापेक्षा कागदावर मुक्काम लिहून द्यावेत: पहिली रात्र कुठे, कुणाच्या अंगणात, फोन किती वाजता. नवऱ्याला, सासूला भीती असते ती बहुतेक न दिसणाऱ्या गोष्टींची. आधी एका दिवसाची फेरी करा, रोहा ते रेवदंडा आणि मुक्कामाशिवाय परत. संध्याकाळी दुखतं काय, उरतं काय, ते कळेल. निघायचा दिवस ठरवताना कॅलेंडरवर सुट्टीबरोबर तिथीही बघा.