मालवणीची आई पडद्यावर

एप्रिल 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्याचा निकाल दिला आणि तृतीयपंथीयांच्या ओळखीवर कायद्याची मोहोर उमटली. याचिकाकर्त्यांमध्ये मालाडच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉनवर ‘ट्रान्सपरंट’ ही मालिका आली. लॉस एंजेलिसमधलं ज्यू कुटुंब, आपापल्या भानगडींत गुंतलेली तीन मोठी मुलं आणि उतारवयात ‘मी बाई आहे’ असं त्यांना सांगणारे निवृत्त प्राध्यापक वडील. जोई सोलोवे यांनी ही गोष्ट आपल्याच घरातल्या अनुभवावरून रचली होती.

मालिकेचं कौतुक झालं, गोल्डन ग्लोब मिळाला. या वडिलांची, म्हणजे ‘मोरा’ची, भूमिका करणारे जेफ्री टॅम्बर यांना दोनदा एमी मिळालं. पण ही भूमिका पुरुष नटाला का, हा प्रश्न पहिल्यापासून मागे लागला होता. पुढे टॅम्बर यांच्यावर गैरवर्तनाचे आरोप झाले. त्यांनी ते नाकारले, तरी 2018 मध्ये त्यांना मालिकेतून काढण्यात आलं. 2019 चा शेवटचा संगीतमय भाग मोराच्या मृत्यूवर उभा राहिला.

आपल्याकडची गोष्ट नेमकी उलटी. इथे मुलांना बापाची नवी ओळख पचवायची नव्हती; घर सुटलेल्या बाईने नवं घर मांडलं होतं. पुण्यात पोलीस अधिकाऱ्याच्या घरी गणेश म्हणून जन्मलेल्या गौरी तरुणपणीच मुंबईला आल्या. मालाड-मालवणीत त्यांनी ‘सखी चार चौघी’ संस्था उभी केली आणि एचआयव्हीविषयी काम सुरू केलं. एड्सने आई गेलेल्या, देहविक्रय करणाऱ्या बाईच्या लहान मुलीला त्यांनी 2008 मध्ये पदराखाली घेतलं.

ही गोष्ट देशाला कळली ती मालिकेतून नाही, जाहिरातीतून. 2017 मध्ये नीरज घेवान यांनी ‘विक्स’साठी केलेल्या फिल्ममध्ये एक शाळकरी मुलगी बसमधून चाललेली असते आणि आपल्या आईविषयी बोलत असते. आईचा चेहरा बराच वेळ दिसत नाही. दिसतो तेव्हा त्या खुद्द गौरी असतात. आईला वाटतं लेकीने डॉक्टर व्हावं. लेकीला व्हायचंय वकील, कारण आईला तिचे हक्क मिळवून द्यायचेत. चार मिनिटांच्या आत विषय घरोघरी पोहोचला.

15 ऑगस्ट 2023 ला जिओ सिनेमावर ‘ताली’ आली. दिग्दर्शक ‘नटरंग’वाले रवी जाधव, लेखन क्षितिज पटवर्धन यांचं, गौरीच्या भूमिकेत सुश्मिता सेन. धाकट्या गणेशचं काम कृतिका देव हिने केलं, वडिलांचं नंदू माधव यांनी. मराठी माणसांनी मराठी आयुष्यावर केलेली ही मालिका हिंदीत निघाली. आणि अमेरिकेतला जुना प्रश्न मालाडलाही आला: तृतीयपंथी नटी का नाही? मोठं नाव असल्याशिवाय असा विषय फार लोकांपर्यंत जात नाही, हे उत्तर व्यवहाराला धरून असेलही. पण सहा भागांत कोर्ट आणि संघर्ष ठसठशीत उभा राहिला. डबा भरणारी, अभ्यास घेणारी आई त्यामानाने मागेच राहिली.

दहा वर्षांतल्या या तिन्ही कामांत सर्वांत छोटं काम सर्वांत खरं ठरलं, कारण तिथे गौरींच्या जागी गौरीच होत्या. पुढची मालिका मराठीत व्हावी, आणि तिच्यातली आई तृतीयपंथी कलावंतानेच करावी.