शनिवारची शिक्षा

विनोदी चित्रपट म्हटला कीं दोन घटका हंसावें आणि घरीं यावें, एवढीच आपली अपेक्षा असते. अमेरिकेंतील हायस्कूलच्या जीवनावर निघालेल्या बहुतेक विनोदी चित्रपटांनीं ती पुरी केली, आणि ते विस्मृतींत गेले. १९८५ सालचा ‘दि ब्रेकफास्ट क्लब’ मात्र टिकला. जतन करण्यायोग्य कृति म्हणून २०१६ मध्यें तेथील राष्ट्रीय चित्रपट-सूचींत त्याचा समावेश झाला. तो कां टिकला, याचा आज थोडा विचार करूं.

लेखक-दिग्दर्शक जॉन ह्यूज यांचें हायस्कूलचें शिक्षण शिकागोच्या एका उपनगरांत झालें. तशाच वातावरणाचें शर्मर हें काल्पनिक गांव त्यांनीं रचलें. कथानक अगदीं साधें आहे. २४ मार्च १९८४, शनिवार. शाळेला सुटी आहे. परंतु पांच विद्यार्थ्यांना शिक्षा म्हणून दिवसभर ग्रंथालयांत बसावयाचें आहे, आणि ‘मी कोण आहें’ या विषयावर हजार शब्दांचा निबंध लिहावयाचा आहे.

येथें अमेरिकन हायस्कूलचें एक वैशिष्ट्य ध्यानांत घ्यावयास हवें. तेथें एक वर्ग वर्षभर एका खोलींत बसत नाहीं. तासागणिक विद्यार्थी निरनिराळ्या शिक्षकांकडे जातात. त्यामुळें मुलाची ओळख वर्गावरून ठरण्याऐवजीं, मधल्या सुटींत तो कोणाबरोबर जेवतो यावरून ठरते. हा पंक्तिभेदच होय. तो कोठें लिहिलेला नसतो, इतकेंच. कुस्तीगीर अँड्र्यू, अभ्यासू ब्रायन, श्रीमंताघरची क्लेअर, उडाणटप्पू बेंडर आणि कोणाशींच न बोलणारी अ‍ॅलिसन हीं पांच पंक्तींतील पांच मुलें एका खोलींत कोंडलीं जातात.

जेवणाचा प्रसंग पाहा. क्लेअर जपानी सुशी काढते. अँड्र्यूपुढें खाद्यपदार्थांचा ढीग. अ‍ॅलिसन पावांतील मांस भिरकावून देऊन त्यांत साखर आणि न्याहारीचे गोड कुरकुरीत दाणे भरते. ब्रायनचा डबा घरून निगुतीनें भरून दिलेला आहे. बेंडरजवळ कांहींच नाहीं. तो ब्रायनच्या सुखी घराची नक्कल करून सर्वांना हंसवितो, आणि मग स्वतःच्या बापाची नक्कल करतां करतां हातावरील सिगारचा डाग दाखवितो. हंसतां हंसतां आपण एकदम गप्प होतों.

आणि ज्याचा हेवा केला, त्या ब्रायनचें काय? हस्तव्यवसायाच्या तासाला त्यानें हत्तीचा दिवा केला. सोंड ओढल्यावर दिवा लागावयाचा, तो लागला नाहीं, आणि मुलगा नापास झाला. जिवाचें बरेंवाईट करण्याच्या विचारानें त्यानें शाळेंत एक पिस्तूल आणलें. तें केवळ संकटसूचक बाण उडविण्याचें होतें आणि कपाटांतच उडालें, म्हणून हा विनोद. नाहींतर ही शोकांतिकाच होती.

संध्याकाळीं ब्रायन विचारतो, सोमवारीं आपण एकमेकांना ओळख देऊं काय? क्लेअर ‘नाहीं’ म्हणते. सर्वांना राग येतो, परंतु तिचें खोटें ठरवितां येत नाहीं. चित्रपट सोमवारपूर्वींच संपतो, हा ह्यूज यांचा प्रामाणिकपणा.

चित्रपटांत दोष नाहींत असें नाहीं. वेणीफणी करून, नवीं वस्त्रें नेसवूनच अ‍ॅलिसन मुलाच्या पसंतीस उतरते, हें खटकतें. बेंडर सबंध दिवस क्लेअरची विटंबना करतो, तरी अखेर तिचें प्रेम त्यालाच लाभतें. क्लेअरची भूमिका करणाऱ्या मॉली रिंगवाल्ड यांनींच २०१८ मध्यें ‘न्यूयॉर्कर’मध्यें लेख लिहून यावर बोट ठेवलें.

तरीही निबंधाचें उत्तर विसरतां येत नाहीं. पांचांच्या वतीनें ब्रायन एकच चिठ्ठी लिहितो. तिचा आशय असा कीं, तुम्हीं आम्हांला एकेक नांव दिलें, परंतु आम्हां प्रत्येकांत पांचहीजण आहेत. घरोघरीं आपणही मुलांना हुषार, मठ्ठ, व्रात्य अशीं विशेषणें चिकटवितों. ‘हुषार’ हें विशेषणसुद्धां एखाद्या मुलाला किती जड होतें, हें ब्रायनकडे पाहून कळतें.