नाजूक मनगट, नेमकी नोंद

रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठी पहाटे फेरफटका मारणाऱ्यांच्या मनगटांवर आता आरोग्यपट्टे दिसतात. दहा हजार पावलांचे लक्ष्य रूढ झाले ते १९६५ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘मानपो-केई’ म्हणजेच ‘दहा हजार पावलांचे मापक’ या यंत्रामुळे. ते कमरेला लावले जाई. आजचा पट्टा मनगटावर बसतो आणि बारीक मनगटाची अडचण तेथूनच सुरू होते.

पट्ट्यातील हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो व रक्तप्रवाहातील चढउतारांवरून नाडीचे ठोके मोजतो. तबकडी मनगटाहून रुंद असल्यास तिच्या कडा अधांतरी राहतात, बाहेरचा प्रकाश आत येतो आणि आकडा चुकतो. म्हणून खरेदीपूर्वी शिंप्याच्या फितीने मनगटाचा घेर मोजावा व उत्पादकाने दिलेल्या किमान घेराशी ताडून पाहावा. तबकडी अरुंद व हलकी निवडावी. व्यायामाच्या वेळी पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण न रुतेल असा बांधावा. बांगड्यांचे धक्के बसत असल्यास त्या तेवढ्यापुरत्या दुसऱ्या हातात घालाव्यात.

छत्तीसगडमध्ये मनगटावरील गोंदणाचाही विचार करावा लागतो. गोंदणाची गडद शाई प्रकाश अडवते. अशा वेळी गोंदण नसलेला हात निवडणे श्रेयस्कर. उन्हाळ्यात घामाने पुरळ येऊ नये यासाठी पट्टा रोज धुऊन कोरडा करावा.

दुकानातच पट्टा बांधून, बोटांनी मिनिटभर नाडी मोजून आकडा पडताळावा. छातीत दुखत असेल, तर मात्र पट्ट्यावरील आकडा कितीही समाधानकारक असला तरी डॉक्टरांकडे जाण्यास क्षणाचाही विलंब करू नये.